पाणी संपल्याचा दिवा

गोरक्ष साळवे यांच्या जीपमध्ये पाणी कमी झाल्याचा दिवा बसला, तेव्हा जीपचं वय बावीस होतं आणि गोरक्षरावांच्या लाजेचं वय दोन.

दोन वर्षांपूर्वी मेहुणीच्या लग्नात नवरीला घेऊन निघालेली ही जीप, हॉल चार किलोमीटरवर असताना वाफा सोडत रस्त्यात बसली होती. नवरी कांद्याच्या टेम्पोतून मांडवात पोचली. तेव्हापासून गोरक्षराव कुठल्याही कार्यक्रमात दिसले, की कोणी ना कोणी विचारायचंच, "पाणी टाकलं का?" एकदा ते मावसभावाला बघायला दवाखान्यात गेले, तर सलाइन लावलेल्या त्या माणसानंही डोळे उघडून आधी तेच विचारलं.

शेवटी त्यांनी नगरमधल्या रशीद इलेक्ट्रिशियनकडे जीप लावली. रशीदनं रेडिएटरशेजारच्या पाण्याच्या बाटलीत सेन्सर बसवला, वायर आत ओढली आणि स्टिअरिंगच्या बाजूला वाटाण्याएवढा लाल दिवा ठोकून दिला.

"सोपं आहे, गोरखभाऊ. पाणी या रेघेच्या खाली गेलं, की लाल दिवा. दिवा लागला, की गाडी बाजूला घ्यायची, थंड होऊ द्यायची, पाणी टाकायचं."

"आणि नाही लागला तर?"

"तर गुपचूप चालवायचं. तुमच्या गाडीत खरं बोलणारा हा एकटाच आहे. त्याचं ऐकत जा."

दिव्यात एकच खोट होती. सगळं नीट असताना तो विझलेला असायचा, आणि विझलेला दिवा लोकांना दाखवणार काय? यावर गोरक्षरावांनी तोड काढली. बाटलीखालच्या नळीची क्लिप सैल करायची, पाणी डब्यात काढायचं, दिवा पेटला की "बघा!" म्हणायचं आणि पाणी परत ओतायचं. पंधरा दिवसांत शेजारी झाले, साडू झाला, ते ज्या शाळेत क्लार्क होते तिथला सगळा स्टाफ झाला. हेडमास्तरांना दोनदा दाखवावा लागला, कारण पहिल्या वेळी उन्हात त्यांना दिसला नाही.

"आधी पाणी काढून दिवा लावायचा, मग पाणी भरून विझवायचा," त्यांची बायको भागिरथी म्हणाली. "याला काय म्हणतात हो?"

"डेमो," गोरक्षराव म्हणाले.

वीस-बावीस वेळा पिळलेली ती क्लिप पुढे कशी वागली, यात तिला दोष देता येणार नाही.

त्याच सुमारास मुलीचं, वृषालीचं, जमत आलं. मुलगा मिरजगावचा. प्रशांत त्याचं नाव, नोकरी नगरच्या एमआयडीसीत. मुलाची आई रंगुबाई आणि चुलते रखमाजी रविवारी घर बघायला येणार होते, आणि त्यांना सगळं आवडलं तर त्याच बैठकीत पक्कं होणार होतं. प्रशांत खोलीवरून थेट येणार होता. गोरक्षराव फोनवर बोलून गेले, "तुम्ही एसटीनं कशाला? मी स्वतः घ्यायला येतो."

"एसटीनं येऊ द्या त्यांना," भागिरथीबाई म्हणाल्या. "ती पोचते तरी."

पण गोरक्षराव सकाळीच मिरजगावात हजर झाले. "जय भीम, जय भीम" झालं, चहा झाला, रखमाजी पुढे बसले, रंगुबाई मागे ऐसपैस बसल्या आणि जीप नगरच्या रस्त्याला लागली. पाच-सात किलोमीटर गोरक्षराव अतिशय सुखात होते.

"भाऊ, राग नगा मानू," मागून रंगुबाई म्हणाल्या. "पर ती कांद्याच्या टेम्पोतली नवरी... ती गाडी हीच का?"

म्हणजे गोष्ट मिरजगावपर्यंत आली होती. गोरक्षरावांचे कान तापले.

"ताई, ते झालं जुनं. आता ते होणारच नाही. मी खास दिवा बसवून घेतलाय. पाण्याचा."

आणि त्याच क्षणी वाटाण्याएवढा दिवा लालभडक पेटला.

"ह्योच का?" रखमाजींनी वाकून विचारलं.

आता इथं खरं बोलायला एक श्वास पुरला असता. पण मुलीच्या सासरी जाणारी पहिली बातमी "दिवा बसवलाय आणि पाणी संपलंय" ही असावी, हे कुठल्या बापाला सोसेल?

"हाच," गोरक्षराव म्हणाले. "पाणी फुल असलं, की पेटतो."

"लई ब्येस!" रखमाजी मागे वळले. "वैनी, बघा. पानी फुल हाय."

पुढचे तीन किलोमीटर पाहुण्यांनी दिव्याचं कौतुक केलं आणि गोरक्षरावांनी इंजिनाच्या तापाच्या काट्याकडे बघितलं. काटा वर सरकत होता. घोगरगावजवळ एक चहाचं हॉटेल दिसलं, तशी त्यांनी जीप वळवली.

"तुम्ही चहा घ्या. मी जरा लघवीला जाऊन येतो."

प्यायच्या पाण्याची बाटली हातात घेऊन ते निघाले. रंगुबाईंनी बाटलीकडे बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली. गोरक्षरावांनी हॉटेलला वळसा घातला, मागच्या बाजूनं जीपपाशी आले, बॉनेट उचललं, पाणी ओतलं, क्लिप चिमटीत धरून पिळली, बोट भाजून घेतलं आणि फुंकर मारत परत आले. जीप निघाली. काटा खाली आला, दिवा विझला. गोरक्षरावांनी निश्वास सोडला.

"आवो थांबा! थांबा!" रखमाजी ओरडले. "दिवा इझला! पानी सपलं!"

"नाही हो दादा, चालतंय."

"चालतंय कसं?" रंगुबाई मागून म्हणाल्या. "तुमीच सांगितलं ना, फुल असलं की पेटतो? मग इझला म्हंजी सपलं. आमाला टेम्पोत न्हाई बसायचं, भाऊ. घ्या बाजूला."

जीप बाजूला घ्यावी लागली. रखमाजी दार उघडायला लागले, तसे गोरक्षराव टुणकन खाली उतरले. "तुम्ही बसा, ऊन आहे. हे आपलं रोजचंच..." आणि "रोजचंच" हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

बॉनेटाच्या आड ते उभे राहिले. समोर रेडिएटरशेजारची बाटली, पाण्यानं काठोकाठ भरलेली. आत दोन पाहुणे दिवा पेटायची वाट बघताहेत. यात आणखी पाणी घालता येत नव्हतं आणि दिवा तर पेटायला हवा होता. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, खिशातला रुमाल बोटाला गुंडाळला आणि क्लिप सैल केली. आत्ताच भरलेलं पाणी रस्त्याकडेच्या धुळीत धो-धो गेलं.

"लागला!" आतून रखमाजींची हाळी आली. "आता फुल झालं. चला, निघा!"

भरलेली गाडी रिकामी करून ती भरल्याबद्दल शाबासकी घेणारा नगर जिल्ह्यातला तो बहुधा पहिलाच माणूस असावा.

पण रिकाम्या गाडीला जावयाच्या चुलत्याची भीड नसते. दहा मिनिटांत काटा पुन्हा वर. गोरक्षरावांनी बाभळीखाली जीप थांबवली. "जरा लघवीला..." हातात बाटली. तेच वळण, तेच बॉनेट, तेच पाणी. दिवा विझला, पाहुणे ओरडले, जीप थांबली, पाणी काढलं, दिवा पेटला, पाहुणे खूश झाले. पुढच्या पेट्रोल पंपावर तिसऱ्यांदा ते "जरा..." एवढंच म्हणाले आणि उतरले. वाक्य पुरं करायची गरज उरली नव्हती.

ते परत आले. रंगुबाई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या.

"भाऊ, एक इचारू? शुगर हाय का तुमाला?"

"मला?"

"आमच्या मालकांना हुती. घडीघडी लघवीला जायाचं आन् सारखं पानी प्यायचं. तुमी तर तासात तीन बाटल्या सपावल्या."

"त्यात लाजायचं काय?" रखमाजी म्हणाले. "आपलीच मान्सं हाईत."

आता दोनच वाटा होत्या. एक, पाणी आपण प्यालो नाही, गाडी प्याली, आणि दिव्याचं सगळं खोटं होतं, हे कबूल करायचं. दुसरी सोपी होती.

"हो," गोरक्षराव खाली मान घालून म्हणाले. "आहे थोडीशी."

जीप निघाली, दिवा विझला, पण शुगरपुढे तो कोणाच्या लक्षात आला नाही. रंगुबाईंनी पदराआड फोन घेतला आणि हळू आवाजात बोलू लागल्या. पण बावीस वर्षांच्या जीपमध्ये हळू बोलायचं तरी ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून पुढे सगळं ऐकू आलं. "प्रशांत... आरं, त्यांना शुगर हाय. व्हय, सोता बोलले. मग आता लपवाछपवी कशाला? आज समद्यांच्या म्होरं बोलून टाकू आन् मोकळं व्हऊ."

गोरक्षरावांचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटला. मोकळं होऊ! म्हणजे मोडलं. बापाला शुगर म्हणून पोरीचं जमलेलं मोडणार, आणि शुगर तर बापाला नाहीच. एका क्लिपच्या लाजेपायी वृषाली घरात बसणार. वृषालीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी रुईछत्तिशीच्या अलीकडे करकचून ब्रेक दाबला.

"उतरा," ते म्हणाले. "दोघंही उतरा. इकडं या."

त्यांनी बॉनेट उघडलं आणि भर उन्हात सगळं ओकून टाकलं. क्लिप, डेमो, हेडमास्तर, धुळीत सोडलेलं पाणी, सगळं. बोलताना ते त्या दोघांकडे बघत नव्हते, पंख्याच्या पट्ट्याकडे बघत होते. "दिवा पाणी संपल्यावर लागतो, दादा. तुम्ही शाबासकी देत होता ना, तेव्हा मी पाणी काढत होतो. माझ्यावर थुंका. पण पोरीला बोल लावू नका. मला शुगर नाही."

रंगुबाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"शुगर न्हाई?"

"नाही."

"थोडी बी न्हाई?"

"मागच्याच महिन्यात शाळेत तपासणी झाली, ताई. अगदी नॉर्मल."

"आरं द्येवा," त्या म्हणाल्या आणि जीपच्या पायरीवर बसल्या. इतकी चांगली बातमी ऐकून इतकं वाईट वाटलेला माणूस गोरक्षरावांनी पाहिला नव्हता.

"सांगा आता, वैनी," रखमाजी पुटपुटले.

पदराचं टोक बोटाला गुंडाळत रंगुबाई जमिनीकडे बघून बोलू लागल्या. "आमच्या प्रशांतला हाय. चार वर्सं झाली. गोळ्या चालू हाईत, तब्येत चांगली हाय. वृषालीला त्यानं पयल्याच भेटीत सांगितलं, तिला चालतंय. तुमाला मात्र आमी न्हाई सांगितलं. लाज वाटली. तुमी बोलला तवा कसं हलकं वाटलं मला! म्हनलं, चला, इथं बी हायच."

"वृषालीला माहीत आहे?" गोरक्षराव थक्क झाले. "मग ती घरात बोलली कशी नाही?"

"तीच म्हनली व्हय, पप्पांना इतक्यात नगा सांगू." रंगुबाई अडखळल्या. "म्हनली, ते गावभर दाखवत बसत्याल."

 तिघं उघड्या बॉनेटभोवती आपापली मान खाली घालून उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्यांना ते इंजिन बघताहेत असं वाटलं असेल. शेवटी रखमाजींनी, शेतातल्या इंजिनाची सवय असलेल्या हातानं, ती क्लिप सोडवली, फिरवून बसवली आणि एका पिळात घट्ट केली.

"ह्ये येवढंच हुतं व्हय?" ते म्हणाले. त्यानंतर घरापर्यंत दिवा लागला नाही आणि कोणी त्याच्याकडे बघितलंही नाही.

घरी बैठक भरलेली होती. साडू, भावकी, शेजारी, स्वतः हेडमास्तर. प्रशांत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता. भागिरथीबाईंनी पहिली ताटली त्याच्यापुढे धरली. दोन गुलाबजाम, वर पाक. प्रशांतचा हात अर्ध्यावर थांबला.

"घ्या ना," साडू म्हणाला. "लाजताय काय?"

"पहिल्यांदा गोड नाही म्हणू नये," हेडमास्तरांनी सांगितलं. सगळी बैठक त्या हाताकडे बघू लागली. आईकडे बघावं, तर रंगुबाईंनी सतरंजीत डोळे खुपसलेले. वाट बघणाऱ्या लोकांसमोर खरं बोलायला किती बळ लागतं, ते गोरक्षरावांनी त्याच सकाळी मोजलं होतं.

"अगं, आग्रह नको करू," ते मोठ्यानं म्हणाले. "आणि मलाही देऊ नको. मला शुगर आहे."

भागिरथीबाईंच्या हातातली ताटली कलली. "तुम्हाला? कधीपासून?"

"आज निघाली. घोगरगाव आणि रुईछत्तिशीच्या मध्ये."

कोणी हसलं, कोणी हळहळलं. तेवढ्यात प्रशांतनं खुर्चीत ताठ बसून मान वर केली.

"मलाही आहे, काकू," तो म्हणाला. "मला आणि पप्पांना बिनसाखरेचा चहा द्या."

"पप्पा" म्हणाला. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या वृषालीनं वडिलांकडे असं बघितलं, की गोरक्षराव तो फिका चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. रंगुबाईंनी डोळे पुसले आणि पक्कं करून टाकलं.

लग्नाला आता सहा महिने झाले. गोरक्षरावांना "पाणी टाकलं का?" असं कोणी विचारत नाही. ते पंगतीत बसले, की दोन्हीकडच्या वाढप्यांना लांबूनच ओरडून सांगितलं जातं, "त्यांना गोड नको रे!" त्यांच्या वाट्याची जिलबी साडूच्या पानात पडते. खरं सांगायची सोय नाही. जावई शेजारीच बसलेला असतो, आणि सासऱ्याकडे बघून तोही खुशाल नको म्हणतो.

म्हणून हल्ली बाजारातून येताना गोरक्षराव जीप रस्त्याच्या कडेला घेतात, बॉनेट उघडतात आणि त्याच्या आड उभं राहून कागदातली पावशेर जिलबी संपवतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटतं, गाडी तापली. गोरक्षराव तसं वाटू देतात.