गावंडे वकिलांची हरकत

आमचे शेजारी नारायणराव गावंडे वकील देवघरातही हरकत घेत असत. आरतीत कोणी एक ओळ गाळली, की ते टाळी थांबवीत, डावा हात वर करीत आणि म्हणत, "हरकत." मग आरती पहिल्यापासून म्हणावी लागे. देवाने याबद्दल कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, मात्र नित्य करीत. "कोर्टात इतलं बोलले असते, तर दोन-चार केसा तरी जितले असते," असे त्या प्रसादाची वाटी पुढे सरकवीत म्हणत. वकील मुकाट्याने वाटी घेत. या मुद्द्यावर त्यांची हरकत नसे.

मी अमरावतीच्या एका हायस्कुलात गणित शिकवीत असे. फार बोलणारी माणसे मला आवडत नाहीत. परंतु आमच्या दोन घरांत एकच भिंत होती आणि वकिलांच्या आवाजापुढे तिचे काही चालत नसे. त्यामुळे त्यांचे सर्व खटले मला ठाऊक आहेत. कोर्टातले थोडे, घरचे पुष्कळ. दुधात पाण्याचा संशय आला, की ते दुधवाल्याला ओट्यावर उभे करीत. "म्हैस विहिरीजवळ बांधता काय? हो का नाई, इतलंच सांगा." जास्वंद खाणाऱ्या बकरीलासुद्धा तिचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज ते हाकलीत नसत. बकरी तेवढ्या अवधीत झाड संपवी.

तो काळ राज्ये बदलण्याचा होता. आम्ही वऱ्हाडकर जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तेथून महाराष्ट्रात गेलो. आमच्या गल्लीत सतत हलणारे एकच माणूस होते. ते म्हणजे वकिलांची सहा वर्षांची नात, शकू.

शकूचे वडील जंगल खात्यात धारणीला होते. तेथे शाळा धड नव्हती आणि रस्ता त्याहून नव्हता. म्हणून शकू आजी-आजोबांकडे राहत असे. राहत असे, हे आपले म्हणायचे. ती एका दाराने येई आणि दुसऱ्याने जाई. येताना वहिनींच्या परातीतली कणीक आणि जाताना माझा चष्मा घेऊन जाई. हाक मारली तर वळून पाहत नसे. बोलणे उशिरा आले आणि आले तेही एकेका शब्दाचे. तिचे मन कशावरही माशीसारखे बसे आणि माशीसारखे उडे. गल्लीतल्या बाया तिच्यासाठी हळू आवाजात एक शब्द वापरू लागल्या होत्या. तो वकिलांच्या कानी गेला होता. त्या दिवशी भिंतीपलीकडून काहीच ऐकू आले नाही.

जूनमध्ये शकूला शाळेत घातले. पहिल्याच आठवड्यात तिने पुढच्या ओळीतल्या सर्व मुलींच्या रिबिनी सोडल्या, हेडबाईंच्या तांब्यातल्या पाण्याने पाय धुतले आणि ती घरी आली. शाळेने निरोप पाठवला: मुलीला डॉक्टरांना दाखवा, तोवर पाठवू नका.

"हद्दपारी!" वकील गरजले. "सुनावणीशिवाय!"

ते काळा कोट चढवून शाळेत गेले. साक्षीदार म्हणून मला ओढून नेले.

"मुलगी वर्गातून उठली, तेव्हा आपण काय शिकवीत होतात?" त्यांनी वर्गाच्या बाईंना विचारले.

"पाढे."

"आणि खिडकीबाहेर काय होतं?"

"माकडवाला."

"मग माकडवाल्याकडे जाणं हे शाबूत डोक्याचं लक्षण नाही काय?"

बाई शांत होत्या. "वकीलसाहेब, माकडवाला पाहायले साऱ्याच पोरी उठल्या. माकडवाला गेल्यावर साऱ्या परत आल्या. शकू नाई आली. तिले घेऊन जा, दाखवा कोनाले तरी. मी काही वैरी नाई तिची."

वकिलांनी बाईंना नमस्कार केला आणि ते कोट सावरीत बाहेर पडले.

मग उपचार सुरू झाले. वैद्यांनी वात सांगितला आणि डोक्याला तेल दिले. शकू पूर्वी नुसती पळे. आता ती हातातून निसटून पळू लागली. नाक्यावरच्या डॉक्टरांना प्रत्येक रोगात जंत दिसत. त्यांनी एक पातळ औषध दिले. "औषध साक्षीदारासारखं असते, मास्तर. आधी आपन तपासाव," असे म्हणून वकील ते स्वतः प्याले. दुसऱ्या दिवशीच्या त्यांच्या सर्व सुनावण्या पुढे ढकलल्या गेल्या. वहिनी दाराबाहेरून विचारीत होत्या, "काहो, संपली का तपासनी?"

अखेर कळले, की अकोल्याला पुण्याकडचे एक डॉक्टर आले आहेत आणि मुलांच्या मनाचा त्यांचा विशेष अभ्यास आहे. वहिनींचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत मी गेलो. बडनेऱ्याहून गाडीत बसलो. वाटेत वकिलांनी मला कामाचा उद्देश समजावून दिला. "डॉक्टरच्या तोंडून एकच वाक्य काढाचं हाय. मुलगी निर्दोष. बस. मंग पाहतो, शाळा कशी घेत नाई तर."

डॉक्टर तरुण आणि सौम्य होते. त्यांनी शकूला बुटक्या टेबलापाशी बसवले आणि वकिलांना मधे न बोलण्याची विनंती केली. वकिलांनी रुमाल तोंडाशी धरला. डॉक्टरांनी एक रंगीत चित्र पुढे केले. लाल, गोल, देठ हिरवे.

"हे काय आहे, बाळ?"

"भेदरं," शकू म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. "भेदरलीस? कुणाला भेदरलीस गं? घरी कोणी मारतं का?"

"भेदरं!" शकूने चित्रावर बोट आपटले.

डॉक्टरांनी काळ्या कोटाकडे संशयाने पाहिले आणि दुसरे चित्र काढले. कोथिंबिरीची जुडी होती.

"सांबार," शकू म्हणाली.

"सांबर? या पानांत हरीण दिसतं तुला?"

रुमाल खाली पडला. "हरकत!" वकील उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, भेदरं म्हंजे टमाटर! अन् सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर! पोरगी भेदरली नाई, तिले हरीनही दिसून नाई राहिलं! थे भाजीबाजार सांगून राहिली! मास्तर, सांगा!"

मी साक्ष दिली. डॉक्टर प्रथम चकित झाले, मग मोकळेपणाने हसले. "चूक माझी," ते म्हणाले. "दोन्ही उत्तरं बरोबर. मीच नापास झालो."

वकिलांनी कोट सारखा केला. इतका निर्विवाद विजय त्यांना कोर्टात कधी मिळाला नव्हता. "म्हंजे निर्दोष?"

"तिच्यावर आरोपच नाही, तर निर्दोष कशी ठरवू?" डॉक्टर हळूच म्हणाले. "वकीलसाहेब, आपण भांडत होतो, तेव्हा ती कुठे गेली, पाहिलंत?"

शकू टेबलाखाली होती. डॉक्टरांच्या बुटाची नाडी सोडून ती आता माझ्या बुटाकडे वळली होती. डॉक्टरांनी वाकून तिला नावाने हाक मारली. तिने पाहिले नाही. त्यांनी पुन्हा मारली. वकील तिच्याकडे पाहत राहिले.

"कान चांगले आहेत, ते मी तपासले. शब्द आहेत, समजही आहे. पण मन एका जागी ठरत नाही आणि वयाच्या मानानं ती मागे आहे. वेडी नाही. याला बाटलीतलं औषध मात्र नाही."

"अपील?" वकिलांनी विचारले.

"अपील नाही. काम आहे. शाळेत तिला अर्धा दिवस, बाईंच्या जवळ बसवा. बाईंसाठी मी चिठ्ठी देतो. घरी कोणीतरी तिच्यासमोर, तिच्या उंचीवर बसायचं. एकच लहान वाक्य बोलायचं. तिच्याच बोलीत. मग गप्प राहायचं, ती उत्तर देईपर्यंत. आणि तिचं मन कुठे बसलं, तर ते तिथून उठवायचं नाही."

"गप्प किती वेळ?"

"तिला लागेल तितका."

"बरी होईल?"

"पुढे जाईल. किती, ते आज मला सांगता येत नाही."

डावा हात वर जाईल म्हणून मी वाट पाहिली. तो गेला नाही.

अकोला स्टेशनवर कापसाच्या गाठी रचलेल्या होत्या. एका गाठीचे तरट फाटले होते. शकूने त्यातून कापसाचे पुंजके काढले आणि फलाटावर एकापुढे एक मांडायला आरंभ केला. वकील काळ्या कोटासह तिच्यासमोर उकिडवे बसले.

गाडी आली. मी पिशवी उचलली. "वकीलसाहेब, गाडी."

त्यांनी तळहाताने मला थांबवले.

"शकू," ते म्हणाले. "काय करून राहिली?"

आणि ते गप्प बसले. हमाल ओरडत होते. इंजिनाने शिटी दिली. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, समजावला नाही, ओठही हलवले नाहीत. डबे एकेक करून समोरून गेले आणि रूळ रिकामे झाले. मी पिशवी खाली ठेवली.

बऱ्याच वेळाने शकूने मान वर न करता सांगितले, "पोराइले निजवून राहिली."

वकिलांनी अंगातला कोट काढला आणि त्या पुंजक्यांवर हलक्या हाताने पांघरला. शकूने त्यांच्या तोंडाकडे पाहिले, चांगले निरखून पाहिले.

"आता पुढची गाडी केव्हा?" मी विचारले.

"हळू बोला, मास्तर," वकील कुजबुजले. "पोरं निजली हायेत."