देवणीचा भाडेकरू

मृत्युंजय बिराजदार सरांच्या गच्चीवर ज्याचा शर्ट वाळत होता, तो माणूस जन्मालाच आलेला नव्हता. नाव रेवणसिद्ध, गाव देवणी, नोकरी बँकेत, स्वभाव अबोल. ही सगळी माहिती सरांनी स्वतः तयार केली होती, तीही स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या, हातातला चहा गार व्हायच्या आत.

सर लातूरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत. वर्षभर बेताचंच शिकवत, पण एका जुन्या अमेरिकन कादंबरीवरचं त्यांचं व्याख्यान ऐकायला कॉमर्सची पोरंसुद्धा येऊन बसत. त्या कादंबरीत एका गोऱ्या पोरानं पळून आलेल्या काळ्या गुलामाला दडवलेलं असतं. शोधणारे येतात, विचारतात. गुलाम लपवणं म्हणजे चोरी आणि खोटं बोललास तर नरक, असं त्या पोराला लहानपणापासून शिकवलेलं. तरी तो तोंडावर खोटं बोलतो आणि नरक पत्करतो. इथं आले की सर चष्मा काढत. "पोरांनो, जगानं शिकवलेली अक्कल एकीकडं आणि आपलं काळीज एकीकडं," असं म्हणून रुमाल डोळ्यांना लावत. रुमाल दरवर्षी खरोखर ओला व्हायचा. सर ढोंगी नव्हते. ढोंगी असते तर पुढचा त्रास त्यांना झालाच नसता.

तेरा वर्षांपूर्वी हे व्याख्यान ऐकून आनंदराज नावाच्या एका विद्यार्थ्यानं इंग्रजीचा प्राध्यापक व्हायचं ठरवलं, आणि झालाही. यंदा तो धर्माबादहून सरांच्याच कॉलेजात रुजू झाला. त्याच आठवड्यात सर स्टाफरूममध्ये म्हणाले होते, "वरचं घर रिकामं झालंय आमचं. कुणी चांगलं माणूस असलं तर सांगा."

दुसऱ्या दिवशी आनंदराज चहाचा कप घेऊन जवळ आला.

"सर, मीच येऊ का? मी, धम्मप्रिया आणि माय. मायचे गुडघे गेलेत, पहिल्या मजल्याच्या वर चढवत न्हाई तिला."

आनंदराज बौद्ध होता. हे सरांना तेरा वर्षं ठाऊक होतं आणि तेरा वर्षांत एकदाही आठवायची गरज पडली नव्हती. नेमकं आता आठवलं. पाठोपाठ गल्लीतले गुरुबसप्पा आठवले, मठातली मंडळी आठवली, आणि सगळ्यांच्या शेवटी, एक सोयीचं कारण म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आठवली.

"अरे... कालच दिलं की रे."

"कुणाला, सर?"

आणि रेवणसिद्धाचा जन्म झाला.

घरी आल्यावर सरांनी बायकोला, दामिनीला, सगळं सांगितलं. "अव्वाला चाललं नसतं गं."

"अव्वांना विचारलं का?"

"विचारायला कशाला पायजे? जुनं माणूस हाय."

अव्वा, म्हणजे सरांची आई मल्लम्मा, शेजारच्याच खोलीत तूर निवडत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतं. आनंदराज कॉलेजला त्याच गल्लीतून यायचा-जायचा. वरच्या मजल्यावर अंधार दिसून कसं चालेल? म्हणून सर रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावू लागले. मल्लम्मांना सांगितलं, चोरांसाठी लावतो. मग वाटलं, नोकरदार माणूस कपडे धुणारच. म्हणून आपलाच एक जुना निळा चौकड्यांचा शर्ट दोरीवर टाकला. दोनतीन दिवसांनी तो पुन्हा ओला करणं आलं.

"तुमचा भाडेकरू, तुम्हीच धुवा," दामिनी म्हणाली.

तेव्हा लातुरात आठवड्यातून एकदा नळाला पाणी येत होतं, आणि त्यातलं बादलीभर पाणी सर एका नसलेल्या माणसाच्या शर्टावर घालत होते. तिकडं आनंदराजनं नांदेड रोडला घर घेतलं. तिसरा मजला. ते ऐकून सरांना रात्री नीट झोप लागली नाही, पण सकाळी उठून त्यांनी शर्ट मात्र वाळत घातला.

एका रविवारी आनंदराज डबा घेऊन दारात.

"मायनं दिलाय, सर. वरच्या भावांसाठी. म्हणली, घर त्यानं घेतलं म्हणून काय झालं, एकटं लेकरू हाय, उपाशी ऱ्हाऊ नये. हायेत का वर?"

"न्हाई! देवणीला गेलाय. येईल... येईलच आता."

आनंदराजनं सरांकडं जरा जास्तच वेळ बघितलं, डबा हातात दिला आणि तो गेला. सर डबा घेऊन गच्चीवर गेले. टाकून द्यावा तर अन्न, आणि खाली न्यावा तर आईला उत्तर द्यायचं. त्यांनी झाकण उघडलं. धपाटे आणि येसर आमटी. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उकिडवं बसून सरांनी सगळा डबा संपवला आणि बोटंसुद्धा चाटली. असं जेवण कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

डबा घासून ते खाली आणत होते, तेवढ्यात मल्लम्मांनी पकडलं.

"कुणाचा रं डबा?"

"कॉलेजातल्या एकाचा हाय, अव्वा."

"मग रिकामा धाडतोस व्हय? रीत हाय का काही?"

आणि त्यांनी आपल्या हातच्या चार शेंगपोळ्या त्यात घातल्या.

पुढच्या रविवारी दारात रिक्षा थांबली. आनंदराजच्या खांद्याला धरून एक म्हातारी उतरली. ती त्याची आई, सरजाबाई. सरांचा नमस्कार घ्यायच्या आधी तिनं विचारलं, "त्या पोळ्या कुणी केल्या ओ? इतकी सुंठ घालणारी एकच बाई ठाव हाय मला."

आतून मल्लम्मा भिंत धरत बाहेर आल्या. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"सरजे?"

"मल्लम्माक्का!"

मग दोघींनी गळ्यात गळा घालून जे रडं काढलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. किल्लारीच्या भूकंपात दोघींचीही घरं पडली होती. एकाच पत्र्याच्या शेडात त्या सहा महिने राहिल्या होत्या, एका चुलीवर.

"तू तवा नांदेडला होता, वसतिगृहात," मल्लम्मा सरांना म्हणाल्या. "हिचं हे मांडीवरचं पोर माझ्या कांबळ्यात निजायचं. हेच का गं ते?" त्यांनी आनंदराजचे दोन्ही गाल धरले. "आन ऱ्हाता कुठं?"

"नांदेड रोडला, तिसऱ्या मजल्यावर."

"तिसऱ्या? ह्या गुडघ्यानं?" मल्लम्मांचा आवाज चढला. "अगं, आमचं वरचं घर रिकामं पडलंय दोन महिन्यापासून!"

सरजाबाईंनी वर बघितलं. "रिकामं? मग ते देवणीचं लेकरू?"

सरांना वाटलं, भूकंप आत्ता व्हायला हरकत नाही. आनंदराज त्यांच्याकडं बघत होता. मग तो दोघींकडं वळला.

"ते गेलं बदली होऊन, माय. आन आज्जी, सरांनी मला कधीचंच म्हणलं होतं, वरती येऊन ऱ्हा म्हणून. मीच न्हाई म्हणलो."

"का रं? परके वाटलो व्हय आम्ही? शिकली की माणसं अशीच होतेत!" मल्लम्मांनी त्याला अर्धा तास फैलावर घेतलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. प्रत्येक शब्दाचा खरा धनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होता.

निघताना सर फाटकापर्यंत आले. "आनंदराज... तुला कधी कळलं?"

"शर्ट दोरीवर दिसला त्याच दिवशी, सर. तो निळा शर्ट. खिशाखाली लाल शाईचा डाग. तेरा वर्षांपूर्वी व्याख्यानाच्या दिवशी तुमच्या अंगात तोच होता. मी पहिल्या बाकावर होतो."

"आणि तरी डबा आणलास?"

"मायला खरं सांगितलं असतं, तर तुम्ही का न्हाई म्हणलात ते पण सांगावं लागलं असतं. तिला तुमच्याबद्दल लई आदर हाय, सर."

सरांचे डोळे भरून आले. रुमालासाठी खिशात गेलेला हात त्यांनी तसाच बाहेर काढला. "चुकलं रे माझं. आता या तुम्ही. उद्याच या. घर रिकामं आहे."

आनंदराज हसला. त्या हसण्यात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"नको, सर. रेवणसिद्ध ऱ्हातेत ना तिथं."

रिक्षा गेली. वरचं घर अजून रिकामंच आहे. दिवा मात्र सर रोज संध्याकाळी लावतात, आणि मल्लम्मा रोज विचारतात, "सरजेचं पोर का येईना रं राहायला?"