रुग्ण: सौ. रसिका

दिव्याला राहणाऱ्या रसिकाला लग्नाला सहा वर्षे झाली तरी मूल नव्हते. सासूने, गोदूबाईंनी, तिला सोळा सोमवार करायला लावले, शहाडच्या वैद्यांचा काढा पाजला आणि बारशांना त्या एकट्याच जाऊ लागल्या. नवरा विनीत या काळात तिला धीर देत असे.

मग कल्याणच्या डॉक्टरांनी विनीतलाही तपासले. अंडकोषाच्या शिरा फुगल्या होत्या. या दुखण्याला व्हेरिकोसील म्हणतात; त्याने मूल होण्यात अडथळा येतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन २२८, म्हणजे कमी. शस्त्रक्रियेने पुष्कळांचे वाढते, सगळ्यांचे नाही, असे डॉक्टर म्हणाले. रसिकाने सगळे ऐकून घेतले आणि घरी येताना एकच अट घातली.

"ऑपरेशनचं तू ठरव. पण आईंना सांग, माझ्यात काही दोष नव्हता म्हणून."

विनीतने कबूल केले. मात्र आईसमोर हे बोलायची त्याची छाती नव्हती. तो ठाण्याच्या एका सरकारी कार्यालयात लिपिक होता आणि गोदूबाईंचा देवाखालोखाल सरकारी शिक्क्यावर विश्वास होता. तेव्हा रुग्ण म्हणून आपले नाव असलेला, रजामंजुरीचा शिक्का मारलेला कागदच आईच्या हाती द्यावा, असे त्याने ठरवले.

ऑपरेशन झाले. रजेचा अर्ज आस्थापना शाखेच्या विश्रामभाऊंकडे गेला. वंध्यत्वाच्या नमुन्यात रुग्णासाठी एकच रकाना होता: पत्नीचे नाव.

"भाऊ, ऑपरेशन माझं झालंय," विनीत हळूच म्हणाला.

"झालं असेल ना, मी कुठे नाही म्हणतो? पण नमुन्यात नवरा नाहीच. नवरा घालायचा तर वरून आदेश पाहिजे. बायकोचं नाव टाक आणि सही कर."

विनीतने सही केली. पुढचे सगळे नियमाप्रमाणे झाले. रुग्णाच्या शुश्रूषेसाठी त्याला दहा दिवसांची रजा मिळाली आणि ती त्याने घरी झोपून भोगली. शुश्रूषा रुग्णाने केली. तीन महिन्यांनी टेस्टोस्टेरॉन ३९६ वर गेले. विनीत हरखला. अहवाल कार्यालयात जोडावा लागला. त्यावर त्याचे नाव होते, ते विश्रामभाऊंनी 'लेखनदोष' असा शेरा मारून लाल शाईने सुधारले.

फाइल तपासणीला गेली तेव्हा बाईमाणसात ३९६ पाहून वैद्यकीय मंडळ हादरले. रसिकाला हजर करण्यात आले. हा आकडा आपला नसून नवऱ्याचा आहे, असे तिने तीनदा सांगितले. मंडळाने नोंद केली: 'रुग्ण आजार मान्य करीत नाही. सहानुभूतीने घ्यावे.'

यथावकाश शिक्क्याचा कागद घरी आला. गोदूबाईंनी तो मोठ्याने वाचला: सौ. रसिका यांच्यातील दोष शस्त्रक्रियेने दूर झाला असून पती निर्दोष आहेत. त्यांनी समाधानाने कागद देव्हाऱ्यात ठेवला.

रसिका दारात उभी होती. तिला तिसरा महिना लागला होता. ती विनीतकडे बघत म्हणाली, "आता तरी सांग."

विनीतला मनापासून लाज वाटली. त्याने तोंड उघडले.

"आई," तो म्हणाला, "चहा टाकतेस?"

रसिका आत गेली. सोसायटीतल्या बायका पेढे खाऊन तिलाच विचारत होत्या, ट्रीटमेंट कुठे घेतलीस गं?

वाचकांना आता विनीतची चीड येईल. त्यांनी या गोष्टीचे पहिले वाक्य पुन्हा वाचावे. मूल रसिकाला नव्हते, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. त्यावर कोणाचीही हरकत आली नाही. हरकतींची मुदत संपली आहे.