आजोबांसाठी केलेला पाट

राणीसाहेबांच्या ज्युबिलीच्या वर्षी ठाण्याच्या एका इंग्रजी शाळेत सुतारकामाचा वर्ग निघाला. कचेरीतले कारकून त्र्यंबकराव यांनी आपल्या चिरंजिवांचं, आनंदचं, नाव कोणालाही न विचारता त्यात घातलं. (कोणालाही म्हणजे बायकोला.)

सुहासिनीबाई कडाडल्या. "अहो, वकिलाचा नातू रंधा मारणार?"

शेवटी तडजोड झाली. सुहासिनीबाईंचे वडील, कल्याणचे वकील गुरुदत्तपंत, रविवारी जेवायला यायचे होते. आनंदने केलेला पाट त्यांना पसंत पडला तर वर्ग चालू, नाहीतर नाव काढायचं.

आनंदने पाट झकास केला. सोवळ्याला चालावा म्हणून दोन फळ्या नुसत्या लाकडी खुंट्यांवर जोडल्या. मधे केसाएवढी फट राहिली.

"ती असू दे हं, बाबा. पावसात लाकूड फुगतं, मास्तर म्हणालेत."

"मास्तरांना सासरे नसतील," त्र्यंबकराव म्हणाले. पोरगं बाहेर गेल्यावर कोपरीच्या सुताराकडून आणलेला सरस त्यांनी फटीत ओतला. बराचसा पाटभर सांडला. तो त्यांनी चोळून चोळून बसवला. (चकाकी मात्र सुरेख आली.)

रविवारी पंतांनी पाट निरखला. "निकाल जेवणानंतर. एवढ्या देखण्या पाटावर जावईबापू, तुम्हीच बसा."

नाही कसं म्हणणार? लग्नात पंतांनीच दिलेला पीतांबर नेसून त्र्यंबकराव बसले. वैशाखातल्या घामाने सरस पुन्हा जागा झाला. ताकभात संपल्यावर त्यांनी अंग हलवलं, तर पाटही हलला.

पंगत उठते ती एकदम. पंत हात वाळवत थांबले. "उठायचं?"

"छे, सावकाश होऊ द्या! अगं, भात वाढ!"

भात संपला. पोळ्या संपल्या. चटणीसुद्धा संपली.

"अहो, मी मागाहून जेवायचीय!" सुहासिनीबाईंनी रिकामं पातेलं दाखवलं.

आनंदने वाकून वास घेतला. "बाबा, सरस लावलात?"

"सरस? जनावराच्या कातड्याचा? माझ्या सोवळ्यात?" पंत ओरडले.

"गरम पाण्याने सुटतो," आनंद म्हणाला. न्हाणीतला अख्खा हंडा त्र्यंबकरावांवर रिकामा झाला. ते सुटले, पीतांबर पाटावरच राहिला. खुंटी मात्र एकही हलली नाही. (बाकीच्यांनी गार पाण्याने पुन्हा आंघोळी केल्या.)

ओल्या शेंडीने पंतांनी निकाल दिला. "पोराचं काम पक्कं आहे. नाव राहू दे. आणि जागा असेल तर जावईबापूंचंही घाला."

"बाबांना घेणार नाहीत, आजोबा. सांगितलेलं ऐकत नाही त्याला मास्तर घरी पाठवतात."

"घरी तर मी आहेच," त्र्यंबकराव दाराआडून म्हणाले. "आधी कुणीतरी धोतर द्या."