आजींच्या फोटोची धार

नव्या लॅपटॉपवर आजींच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा फोटो उघडला आणि फोटोवाले दचकलेच. खुर्चीत आजी, मागे मुलं-सुना, आणि सगळं कुटुंब धूसर! त्यांनी स्क्रीन पुसला, चष्मा पुसला आणि खात्री म्हणून पुन्हा स्क्रीन पुसला.

"अगं, जरा इकडे ये. तुला काय दिसतंय?"

"आजी," बायको म्हणाली.

"स्पष्ट दिसताहेत?"

"ओळखू येताहेत की! आणखी किती स्पष्ट हव्यात?"

बायकोला विचारून माणसाचा गोंधळ कमी होतो, असं निदान त्या घरात तरी कधी घडलं नव्हतं. आजींच्या घरचा मान गल्लीत मोठा. फोटो बिघडला तर स्टुडिओत पुन्हा कुत्रं फिरकणार नव्हतं. फोटोवाल्यांनी देवाचं नाव घेतलं आणि फोटो रेखीव करणारी धारेची पट्टी पार टोकाला नेली. फरक पडला, पण थोडाच. मग तीच धार त्यांनी पुन्हा एकदा दिली आणि भिंतभर मोठी प्रत छापायला पाठवली.

संध्याकाळी आजींना घेऊन थोरली सून आली. फ्रेमवरचा कागद निघाला आणि ती किंचाळली.

"अहो, हे काय केलंत? मला मिश्या?"

मिश्या नव्हत्या, लव होती; पण प्रत्येक केस मोजून घ्यावा असा उभा होता. थोरल्या मुलाच्या कपाळावर केसांचा टोप कुठे सुरू होतो, तेही दिसत होतं. सगळ्यांच्या कडांना कुणी काजळ घातलंय, असं वाटत होतं.

"पण माझ्याकडे तर हा धूसर होता हो!" फोटोवाल्यांना रडू यायचंच बाकी होतं. "डोळे गेले माझे, की कॅमेरा गेला?"

"काही गेलं नाही," बायको दारातून हळूच म्हणाली. "त्या लॅपटॉपवर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती. मी काल रिझोल्यूशन की काय ते कमी केलं. अक्षरं छान मोठी झाली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत आजी दिसतात का. अक्षरांचं कुठे विचारलंत?"

फोटोवाल्यांनी रिझोल्यूशन पूर्ववत केलं आणि मूळ फोटो उघडला. लख्ख! आजी प्रसन्न, सून गोरीगोमटी, थोरल्याच्या डोक्यावर दाट केस. आपण एका चांगल्या फोटोचं वाटोळं केलं, हे कळून त्यांना हायसंही वाटलं आणि लाजही वाटली.

"हाच द्या," सुनेच्या जिवात जीव आला. "तो फाडून टाका. नवी फ्रेम उद्या मिळाली तरी चालेल. नाही का हो, आई?"

आजी केव्हाच्या मोठ्या प्रतीला नाक लावून उभ्या होत्या.

"थोरला घड्याळ बघतोय," त्या म्हणाल्या. "धाकटी सून त्याला डोळ्यांनी खुणावतेय, कधी आटपणार म्हणून. आणि सूनबाई, हा तुझा हात. मला वाटलं होतं तू माझ्या खांद्यावर ठेवलायस. वर हवेतच धरलायस की गं, फोटो निघेपर्यंत!"

फोटोवाल्यांनी घाईघाईनं लॅपटॉप आजींसमोर सरकवला.

"आजी, तो चुकून झालेला. हा बघा, हा खरा फोटो."

आजींनी तो नीट पाहिला.

"छान आहे. ह्यात सगळेच गुणी दिसतात," त्या म्हणाल्या. "मला तो मोठा बांधून द्या. जेवायच्या टेबलासमोर लावते."