उशाशी पिस्तूल

पिस्तूल निवडायला अर्धा तास पुष्कळ झाला, असं बायकोला, वर्नाला, सांगून मी घराबाहेर पडलो. आयुष्यभर गवंडीकाम केलेल्या माणसाला मूठ असलेली वस्तू कशी निवडायची हे कोणी शिकवायचं? थापी तर मी दुकानात गप्पा मारता मारता, न बघता उचलायचो. पिस्तुलात असं काय मोठं असणार आहे?

तो अर्धा तास तीन आठवडे चालला.

खरं म्हणजे प्रकरण पिस्तुलाचं नव्हतंच, घराचं होतं. उन्हाळ्यात खालच्या वळणावरच्या प्रुइटांचं गॅरेज फुटलं. चोरांनी गवत कापायचं यंत्र नेलं, करवत नेली आणि जाता जाता फ्रीजरमधलं हरणाचं मटणही नेलं. तेव्हापासून वर्ना अंथरुणात टक्क जागी.

"एल्डन, ऐकलंस? काहीतरी वाजलं."

"रकून असेल."

"रकून बूट घालून चालत नाही."

असं रोज. मग तिच्या थोरल्या बहिणीने, ग्लेंडाने, फोनवरून तिचे कान भरायला सुरुवात केली. ग्लेंडा नॉक्सविलला राहते. तिच्या वसाहतीला फाटक आहे, फाटकावर पहारा आहे, आणि तिच्या शेजारचा फ्लॅट नेमका रिकामा आहे. एके दिवशी सकाळी नाश्त्याच्या मऊ, पावासारख्या बिस्किटांवर ग्रेव्ही ओतता ओतता वर्ना म्हणाली, "नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत वाट बघते. तोवर या घरात मला शांत झोप लागायला लागली तर राहू. नाहीतर घर विकून ग्लेंडाकडे."

आता हे घर मी बांधलंय. लोकांची घरं बांधून झाल्यावर उरलेल्या संध्याकाळी बांधलंय. धुराड्याची एकेक वीट माझ्या हाताखालून गेलीय. ते कुणा परक्याला विकून मी चौथ्या मजल्यावर जाऊन काय करू, गॅलरीत उभा राहून गाड्या मोजू? नुसत्या विचाराने मी ताटली बाजूला सारली. म्हणून ठरवलं, उशाशी पिस्तूल ठेवायचं, शनिवारी नेमबाजीच्या क्लबात जाऊन नेम पक्का करायचा, आणि वर्नाला निर्धास्त झोपवायचं. सरळ हिशेब.

आमच्या गावात बर्लचं बंदुकांचं दुकान आहे. तिथे जो आत शिरतो तो गिऱ्हाईक कमी आणि सल्लागार जास्त. मी बर्लला तोंड उघडून विचारतोय तेवढ्यात शेजारी उभा असलेला माझा दोस्त डेल्बर्ट म्हणाला, "फॉर्टी-फाइव्ह घे. बाकी सगळी खेळणी."

"नाइन एमएम," मागून कोणीतरी म्हणालं. "गोळ्या जास्त बसतात, धक्का कमी."

"तुला धक्क्याची भीती वाटते का रे?"

"मला नाही, माझ्या मनगटाला वाटते."

त्या दोघांची जुंपली. एवढ्यात आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या इमोजीनबाई पर्स सावरत पुढे आल्या. "एल्डन, तू त्यांचं ऐकू नकोस. रिव्हॉल्व्हर घे. नवरा होता तेव्हापासून माझ्याकडे आहे, एकदासुद्धा अडकलं नाही."

"झाडलंत किती वेळा?" बर्लने विचारलं.

"एकदाही नाही."

बर्लने काउंटरवर डोकं टेकलं. मग मला म्हणाला, "हे बघ, इथे वाद ऐकत बसलास तर म्हातारा होशील. झालायस म्हणा. मागे चांदमारीची जागा आहे, एकेक पिस्तूल भाड्याने घे आणि झाडून बघ. आणि बायकोला आण. वेळ पडली तर तिलाही वापरता आलं पाहिजे."

हे मात्र मला पटलं. वर्नाला आणलं. छोटं पिस्तूल खिशात छान मावायचं, पण हातात असं उडायचं की लक्ष्य सोडून छताची काळजी वाटावी. डेल्बर्टचं लाडकं फॉर्टी-फाइव्ह वर्नाने हातात घेतलं, वरचा भाग मागे ओढायचा प्रयत्न केला आणि परत ठेवलं. "लोणच्याच्या बरणीचं झाकण मी एल्डनकडून उघडून घेते," ती म्हणाली, "चोराला तेवढा वेळ थांब म्हणू का?" शेवटी मध्यम आकाराचं नाइन एमएम दोघांच्याही हाताला बसलं. सरकारी चौकशीही बिनबोभाट पार पडली. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय! बर्ल म्हणाला, "घरासाठी घेतोयस ना? मग दिवा लाव. अंधारात समोर चोर आहे की बायको, हे आधी दिसायला नको का?" बरोबर होतं. पिस्तुलाखाली दिवा लावला. दिवा लावला तर आधी घेतलेल्या कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल जाईना. दिव्यासकट मावेल असं होल्स्टर घेतलं. ते इतकं जड की माझा पट्टा वाकून खाली लोंबायला लागला. म्हणून जाड, कडक पट्टा घेतला. तो पट्टा माझ्या एकाही विजारीच्या लूपमधून जाईना. म्हणून विजारी घेतल्या. कानाला इअरमफ, डोळ्याला चष्मा, आणि हे सगळं ठेवायला पिशवी. पिस्तूल घ्यायला गेलेला माणूस विजार घेऊन घरी आलेला बघून वर्नाने आधी विजारीची किंमत वाचली.

मग तिजोरी. आमच्याकडे नातवंडं येतात, पिस्तूल उघड्यावर ठेवायचा प्रश्नच नव्हता. बोट टेकवलं की टक् करून उघडते अशी तिजोरी मी निवडली. आकडे दाबायची होती, पण वर्नाला लग्नाची तारीख सोडून कुठला आकडा लक्षात राहत नाही, आणि मला तर तीही राहत नाही. म्हणून बोटाची. आता दिव्यामुळे पिस्तूल लांब, म्हणून तिजोरी मोठी, आणि मोठी तिजोरी पलंगाशेजारच्या आमच्या जुन्या टेबलात मावेना.

"मग नवं टेबल घेऊ," वर्ना म्हणाली. या सबंध प्रकरणात पहिल्यांदाच तिच्या आवाजात उत्साह होता.

फर्निचरच्या दुकानात गेलो. तिला शिसवी रंगाचं टेबल आवडलं. ते आमच्या पलंगाला शोभेना. म्हणून पलंग घेतला. नव्या पलंगावर जुनी गादी चारी बाजूंनी आखूड पडली. ती गादी मुलांच्या शाळेपासूनची, मध्ये खड्डा, पण मला तिची सवय होती. "पलंगाला गादी हवी ना," असं वर्नाने शांतपणे म्हटलं आणि एका जाडजूड गादीवर जाऊन आडवी झाली. विक्रेत्याला तिला हाका मारून उठवावं लागलं. मी मनात म्हटलं, होऊ दे खर्च, घर वाचतंय.

तिजोरी मी टेबलाला चार बोल्ट मारून जखडली. हे बोल्ट तिजोरीच्या आतून आवळायचे असतात, म्हणजे बाहेरून कुणाला काढता येऊ नयेत. गवंड्याला असली पक्की कामं आवडतात. वर्नाचं बोट पहिल्या फटक्यात नोंदलं गेलं. माझं खूप खटाटोपाने नोंदलं गेलं, पण गेलं. अडीअडचणीला एक किल्लीही असते. ती हरवू नये म्हणून मी घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवली. ती जागा कुठली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

नोव्हेंबरात वर्ना म्हणाली, "मी दोन रात्री ग्लेंडाकडे राहून बघते. शनिवारी दुपारी त्या शेजारच्या फ्लॅटचा एजंट येणार आहे. पटलं तर तिथेच सही करून टाकीन."

मी तिची बॅग धरून ठेवली. "अगं, पण पिस्तूल आणलं ना?"

"आणलंस. तुला ते चालवता येतं का, हे मला कुठे माहीत आहे? शनिवारी सकाळी क्लबात जाणार आहेस ना? मधोमध भोकं पडलेला एक कागद आणून दाखव. मग मी सहीचा विचार करीन."

ती गेल्यावर मला घर खायला उठलं. हात स्वस्थ बसेनात, म्हणून धुराड्याच्या विटांमधल्या जुन्या दरजा खरवडल्या आणि चुना-सिमेंट कालवून नव्याने भरल्या. हातमोजे मी जन्मात घातले नाहीत. वाटलं, वर्ना परत आली तर तिला घर ठाकठीक दिसावं.

शनिवारी सकाळी डेल्बर्ट न्यायला आला. मी नवी विजार, नवा पट्टा, गळ्यात इअरमफ अशा थाटात तिजोरीवर बोट टेकवलं. लाल दिवा. परत टेकवलं. लाल दिवा. हात धुतले, पुसले, मलम लावलं, दुसरी बोटं लावून पाहिली. लालच.

डेल्बर्टने माझा हात खिडकीशी नेऊन निरखला. "एल्डन, तुझ्या बोटावर रेघच नाही रे. तळहात आहे की फरशी?"

उरल्यासुरल्या रेघा धुराड्याने खाल्ल्या होत्या.

"किल्ली काढ ना मग."

मी तिजोरीकडे बोट दाखवलं. डेल्बर्टने तिजोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पलंगावर बसून घेतलं. तो इतका वेळ हसला की मला त्याला पाणी आणून द्यावं लागलं. पाणी पिऊन म्हणाला, "गादी मस्त आहे हं."

आता एकच बोट उरलं होतं आणि ते नॉक्सविलला होतं. बोल्ट आतून, म्हणजे टेबलापासून तिजोरी सुटणार नाही. ती फोडली तर वर्नाला दाखवायला उरलं काय? आम्ही दोघांनी ते अख्खं टेबल उचललं, पिकअपमध्ये दोरांनी बांधलं आणि निघालो. वाटेत मी मनातल्या मनात घोकत होतो की वर्नाला काय सांगायचं. मला पिस्तूल चालवता येतं हे सिद्ध करायला मी चाललो होतो, आणि सोबत पुरावा काय, तर मला ते तिजोरीतून काढतासुद्धा येत नाही.

ग्लेंडाच्या फाटकावर एक धिप्पाड पहारेकरीण बाई होत्या. "घर बदलताय का काका?"

"नाही हो."

"मग हे टेबल?"

"याच्यात तिजोरी आहे, तिच्यात पिस्तूल आहे. गोळ्या भरलेल्या नाहीत. पण मला ते उघडता येत नाही."

बाईंनी चष्मा वर केला. "आणि इथे काय काम काढलंत?"

"बायकोचं बोट हवं होतं."

गाडी आत जाणार नाही हे तेवढ्यात ठरलं. बाईंनी फोन लावला. मग फाटकाच्या आतून तिघं चालत आली. पुढे ग्लेंडा, मागे हातात कागद घेतलेला एजंट, आणि सगळ्यात मागे वर्ना. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, रडलीय. म्हटलं, संपलं. सही झाली.

ग्लेंडाने टेबल बघून कपाळाला हात लावला. "वर्ना, याच्या भरवशावर तू त्या जंगलात राहणार होतीस?"

मी सगळं कबूल करून टाकलं. बोट, चुना, किल्ली, सगळं. "कागदही नाही आणला," मी म्हटलं. "तुला सुरक्षित वाटावं म्हणून एवढं केलं, आणि जमलं मात्र काहीच नाही. तुला इथे झोप लागत असेल तर कर सही. मी येईन मागोमाग." शेवटचं वाक्य ऐकून डेल्बर्ट उगाचच दोर घट्ट करायला लागला.

वर्ना माझ्याजवळ आली. "धुराडं केलंस?"

"केलं. नव्यासारखं."

"हात बघू." तिने माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली. मग ती एजंटकडे वळली. "तुमचा फ्लॅट चांगला आहे हो. पण दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही."

"अगं, फाटक आहे, पहारा आहे," ग्लेंडा म्हणाली.

"सगळं आहे. पण तुझ्या पाहुण्यांच्या गादीत खड्डा आहे, ग्लेंडा. आमच्या जुन्या गादीत होता तसाच. रात्रभर पाठ ठणकत होती, आणि जागी म्हटल्यावर तुझी लिफ्टसुद्धा मला चोरासारखी वाटत होती." ती जरा थांबली. "घरी नवीन गादी आल्यापासून मी एकदाही जागी झालेली नाही. हे मला इथे येऊन कळलं. एल्डन, चल, मला झोपायचंय."

असं आमचं घर वाचलं. पिस्तुलाने नाही, गादीने. घरी आल्यावर तिने तिजोरीला बोट लावलं, टक् झालं, आणि पहिल्यांदा मी किल्ली बाहेर काढली. ती आता वर्नाकडे असते. कुठे ठेवलीय ते ती मला सांगत नाही, कारण मी ती परत सुरक्षित जागी ठेवीन असं तिचं म्हणणं आहे.

शनिवारी मी क्लबात जातो. नेम बरा बसायला लागलाय, आणि वर्नाने एक कागद फ्रीजवर लावलायसुद्धा. फक्त निघण्याआधी तिला बोलवावं लागतं. अंगण झाडलेलं नसेल तर तिची बोटं नेमकी पिठात असतात, आणि मी झाडू हातात घेतल्यावरच ती धुते.

चोराचं म्हणाल, तर बंदोबस्त चोख आहे. तो आला की मी फक्त वर्नाला उठवायचं, आणि तिने बोट लावायचं. परवा सराव म्हणून उठवून पाहिली. हाका मारल्या, दिवा लावला, खांदा हलवला. तिने कूस बदलली आणि माझी उशीही ओढून घेतली.