खोपकरांचा बाक

खोपकरकाकांच्या घरी चहा हवा असेल, तर आधी सूचक लागायचा आणि मग अनुमोदक.

"चहा घ्यावा, असा ठराव मी मांडतो," काका खुर्चीतून म्हणायचे. "अनुमोदक?" स्वयंपाकघरातून सुनीताकाकूंचा आवाज यायचा, "अनुमोदन आहे!" मग काका आमच्याकडे वळून विचारायचे, "विरोधात कोणी?" मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा सवयीने "नको, नको" म्हणालो. काका म्हणाले, "एक मत विरोधात. ठराव बहुमताने मंजूर." आणि मला चहा प्यावाच लागला.

हे सगळं कुठे चालायचं, तर ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीहून गाडीने दोन तासांवरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही. सांगून कोणाला कळणार नाही, आणि कळलं तरी कोणी येणार नाही. एक खाण, एक पब, एक पेट्रोल पंप आणि एक दुकान. त्या दुकानात कोथिंबीर पंधरा दिवसांतून एकदा येते आणि येते तीच मान टाकून. खाणीत नोकरी मिळाली म्हणून मी आणि मंजिरी दोन वर्षांसाठी इथे आलो, त्याला आता आठ वर्षं होतील. जे आले ते सगळे असेच दोन वर्षांसाठी आले होते. त्यातले शहाणे वेळेत निघून गेले.

मराठी घरं तीन होती. त्यातले डॉक्टर पर्थला गेले आणि दोन उरली. तरी आमचं महाराष्ट्र मंडळ होतं, कारण खोपकरकाका होते. ते खाणीत सर्व्हेयर, पण त्याआधी डोंबिवलीत अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस सोसायटीतून बाहेर पडला, सोसायटी माणसातून पडली नाही. मंडळाचे अध्यक्ष ते, चिटणीस मी, खजिनदार काकू आणि सर्वसाधारण सभासद म्हणून एकटी मंजिरी. गणपतीत मोदक करायचे की शिरा यावर रीतसर सभा झाली. मंजिरीने शिऱ्याच्या बाजूने मत दिलं आणि ते इतिवृत्तात तिच्या नावानिशी आलं. दर वर्षी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करताना तिला ते पुन्हा ऐकावं लागतं.

"काका, पाच वर्षं झाली त्याला," ती एकदा चिडून म्हणाली.

"अगं, मिनिट्समध्ये आलंय ते," काका म्हणाले. "मिनिट्समध्ये आलं की ते झालं. नाही आलं तर झालंच नाही."

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. मुलगा ब्रिस्बेनहून रविवारी फोन करायचा आणि "वी विल कम फॉर ख्रिसमस, बाबा" म्हणायचा, तेव्हाही काका फोन ठेवल्यावर म्हणायचे, "मिनिट्समध्ये नाही आलं."

अशा माणसाला गावाच्या कौन्सिलचा शोध लागला नसता तरच नवल. कौन्सिलला इथे शायर म्हणतात. सात सभासद, दर महिन्याला सभा, आणि प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या वीस खुर्च्यांपैकी दोन भरलेल्या. एकीवर काका, दुसरीवर क्रोशाची पिशवी घेतलेल्या काकू. पण काकांचा खरा सण वर्षातून एकदा यायचा, मतदारांच्या वार्षिक सभेला. त्या दिवशी गावातला कोणीही मतदार ठराव मांडू शकतो. अट एकच: दुसऱ्या एका मतदाराने हात वर करून अनुमोदन द्यायचं. दिलं तर मतदान होतं. नाही दिलं तर ठराव तिथेच बारगळतो.

काकांना अनुमोदकाची चिंता नव्हती. गावाच्या वेशीवरची ‘सुस्वागतम्’ची पाटी उलटी बसवली होती, गाव सोडून जाणाऱ्यालाच ती वाचता यायची. ती फिरवावी, असा ठराव. काकूंचा हात वर. शायरच्या वेबसाइटवर जुलैतही नाताळच्या शुभेच्छा आहेत, त्या काढाव्यात. हात वर. खाली क्रोशा चालू, नजर टाक्यांवर, आणि काकांचं वाक्य संपताक्षणी उजवा हात वर. एका वर्षी काकांनी उन्हाळ्यात घरच्या बागांना पाणी घालण्याच्या वेळेवर निर्बंध आणण्याचा ठराव मांडला. त्यात काकूंच्याच मेथीच्या वाफ्याचं मरण होतं. तरी हात वर.

परत येताना मी त्यांना म्हटलं, "काकू, तुम्ही ऐकलंत तरी का, काय ठराव होता ते?"

"ऐकायचं काय त्यात?" काकू म्हणाल्या. "चौतीस वर्षं झाली, हाताला सवय झालीय. आणि मी नाही दिलं तर दुसरं कोण देणारे त्यांना? घरात मेथीपेक्षा शांतता बरी."

ठराव मंजूर व्हायचे. मग कौन्सिल त्यांची ‘नोंद घ्यायचं’. नोंद घेणं म्हणजे काय, ते मला इथे येऊन कळलं. पाटी अजून उलटीच आहे.

आमच्या दुसऱ्या वर्षी काकू आजारी पडल्या. दर बुधवारी कालगुर्लीच्या हॉस्पिटलला जावं लागायचं. सकाळी नऊची बस. काकांची बारा तासांची शिफ्ट, त्यामुळे बुधवारी काकू एकट्या जायच्या. थांबा म्हणजे हायवेच्या कडेला एक खांब. सावली नाही, बसायला काही नाही. डबा आणि पाणी ठेवायला नेलेल्या एस्कीच्या, म्हणजे बर्फाच्या खोक्याच्या, झाकणावर त्या बसायच्या, डोक्यावर छत्री धरून. मी एकदा खाणीकडे जाताना त्यांना पाहिलं, गाडी थांबवली. "जा रे, उशीर होईल तुला," म्हणाल्या. मी गेलो. मला खरंच उशीर होत होता.

त्या वर्षीच्या सभेत काकांनी ठराव मांडला: बसथांब्यावर एक बाक असावा आणि वर छप्पर असावं. काकूंचा हात वर गेला, पण त्या वेळी त्यांना कोपराला दुसऱ्या हाताचा आधार द्यावा लागला. ठराव मंजूर झाला. कौन्सिलने नोंद घेतली. बाक आला नाही, आणि पाच महिन्यांनी काकू गेल्या.

त्यानंतर काका चहाचा ठराव मांडेनासे झाले. आम्ही गेलो की मुकाट्याने उठून आधण ठेवायचे.

पुढच्या वर्षी वार्षिक सभेत त्यांनी बाकाचा ठराव पुन्हा मांडला. शायरचा अध्यक्ष ट्रेव्हर म्हणजे मेंढ्यांचा मोठा धनी, सहा फूट उंच, लाल चेहऱ्याचा माणूस. त्याने विचारलं, "अनुमोदक आहे का कोणी?" हॉलमध्ये पंधरा-सोळा माणसं होती. सगळी काकांना ओळखणारी, वाटेत थांबवून "हाउ यू गोइंग, मेट?" विचारणारी. एकाचाही हात हलला नाही. ट्रेव्हर थांबला, बराच वेळ थांबला, आणि मग म्हणाला, अनुमोदकाअभावी ठराव बारगळला आहे. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच.

मी मागे बसून चडफडत होतो. मी आणि मंजिरी अजून नागरिक नव्हतो, मतदार नव्हतो, आमच्या हाताला किंमत नव्हती. एका बायको गेलेल्या म्हाताऱ्याला साधा एक हात वर करून द्यायचा नाही! वर सभेनंतर त्याच्याच पाठीवर थाप मारून सॉसेज रोल खायचे! असल्या गावात मी आयुष्याची वर्षं घालवतोय, याची मला लाज वाटली. घरी येऊन मी मंजिरीला म्हटलं, "ही माणसं दगड आहेत. सिटिझनशिप मिळू दे, पहिलं काम हेच करणार."

आणि मिळाली. शायरच्याच हॉलमध्ये समारंभ झाला. ट्रेव्हरने सर्टिफिकेट दिलं आणि रिवाजाप्रमाणे कुंडीतलं एक रोप दिलं. प्रेक्षकांत एकटे काका, टाळ्या वाजवत. मतदारयादीत नाव यायला दीड महिना लागला. काकांना मी मुद्दाम काही सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या सभेला मी खाणीतून लवकर सुटून गेलो. काका पहिल्या रांगेत नेहमीच्या जागी होते, शेजारची खुर्ची रिकामी. मी जाऊन तिच्यावर बसलो. काकांनी काही तरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, गहिवरले.

ठराव मांडून झाला. ट्रेव्हर म्हणाला, "अनुमोदक आहे का कोणी?" आणि मी हात वर केला. चांगला ताठ, शाळेत करायचो तसा. वर मोठ्याने नावही सांगितलं, "समीर पवार, सेकंडेड."

ट्रेव्हरने माझ्याकडे नाही, काकांकडे पाहिलं. काका खाली पाहत होते. मग मतदान झालं, सगळ्यांनी हात वर केले, अगदी सावकाश. ठराव एकमताने मंजूर.

नंतर चहाच्या टेबलापाशी ट्रेव्हर माझ्याजवळ आला. "यू वेअरंट टू नो, मेट," तो म्हणाला. मी विचारलं, काय माहीत नव्हतं मला? तो कपाकडे बघत राहिला. म्हणाला, पहिल्याच वर्षी खुर्चीवरून उठून मी स्वतः अनुमोदन देणार होतो. पण मी हात उचलायला लागलो आणि मिस्टर खोपकरने माझ्याकडे बघून मान हलवली. नको म्हणून. मग मी बाकीच्यांना सांगून ठेवलं.

मी तसाच काकांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं, आधण ठेवलं. मी म्हटलं, "काका, माझं काही चुकलं का?"

"चुकलं कुठे? नियमाप्रमाणेच होतं."

"काका."

ते आत गेले आणि फाईल घेऊन आले. शायरच्या सभांची छापील मिनिट्स, वर्षावर्षाची, पंच करून लावलेली. त्यांनी एक पान उघडून बोट ठेवलं. सूचक मिस्टर खोपकर, अनुमोदक मिसेस खोपकर. दुसरं पान. तेच. वेबसाइट, पाटी, मेथी, बाक.

"आमची दोघांची नावं एकाखाली एक अशी फक्त दोन ठिकाणी छापून आलीत," काका म्हणाले. "एक आमची लग्नपत्रिका. ती डोंबिवलीच्या पुरात गेली. आणि एक हे." मग त्यांनी पुढची तीन पानं उलटली. "ती गेल्यावर ठराव मांडायचो. ट्रेव्हर अनुमोदक विचारायचा. मग सगळा हॉल कुठे बघायचा, तू पाहिलंस कधी? तिच्या खुर्चीकडे. वर्षातून एकदा, दहा-पंधरा सेकंद, अख्खं गाव तिच्या खुर्चीकडे बघायचं. ती नाहीये, हे मिनिट्समध्ये येतं रे. अनुमोदकाअभावी. दुसरं कुठे येतं ते?"

तीन वर्षं मी त्या हॉलमध्ये मागे बसलो होतो आणि खुर्चीकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी लोकांचे हात मोजत होतो.

"चहा उतू जातोय," काका म्हणाले आणि उठले.

बाक चार महिन्यांत आला. शायरला नवा इंजिनिअर मिळाला होता. त्याला अजून नोंद घ्यायची सवय लागली नव्हती, त्यामुळे त्याने काम करून टाकलं. छान हिरवा बाक, वर पत्र्याचं छप्पर. या गावाने वेळेवर केलेलं मला माहीत असलेलं हे एकमेव काम, आणि मला त्या बाकासमोरून गाडी नेववत नव्हती. काकांचा उरलेला एकुलता एक ठराव मी पूर्ण करून टाकला होता. आता ते काय मांडणार होते? महिन्याच्या सभेलाही ते जाईनात. मुलगा ब्रिस्बेनला बोलावत होता, तर "बघू" म्हणायला लागले. मंजिरी रात्री जेवताना म्हणाली, "गेले तर आपलं एकच घर राहील, समीर."

यंदाच्या सभेला मी गेलो तो केवळ भीतीपोटी. काका पहिल्या रांगेत होते. शेजारची खुर्ची रिकामी. मी तिसऱ्या रांगेत बसलो.

ठरावांची वेळ आली आणि काका हातात कागद घेऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, चष्मा नाकावर. म्हणाले, बसथांब्यावरचा बाक चुकीच्या जागी बसवला आहे. आपण स्वतः चार बुधवारी सकाळी नऊ वाजता टेपने मोजमाप घेतलं आहे. बसच्या वेळेला छपराची सावली बाकावर पडत नाही, मागच्या झुडपावर पडते. सबब बाक पश्चिमेला दोन फूट सरकवावा. सर्व्हेयरने काढलेला नकाशाही त्यांनी जोडला होता.

ट्रेव्हरने घसा साफ केला. "अनुमोदक आहे का कोणी?"

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. माझ्या शेजारी तो नवा इंजिनिअर बसला होता. त्याला नकाशा पटला असावा, त्याचा हात उचलला जायला लागला, तसा मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने दचकून हात खाली घेतला. ट्रेव्हर थांबला होता. पंखा फिरत होता. सगळे पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, आणि या वेळी मीही बघत होतो. क्रोशाची पिशवी, खाली घातलेली मान आणि न बघता वर गेलेला हात, सगळं मला आठवलं.

"अनुमोदकाअभावी ठराव बारगळला आहे," ट्रेव्हर म्हणाला. "मिनिट्समध्ये घ्या."

काका शांतपणे खाली बसले आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली. परत येताना मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. घरापाशी उतरताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा घ्यावा, असा ठराव आहे."

मी गप्प राहिलो. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मान डोलावली आणि आत जाऊन आधण ठेवलं.